घाटावरचं घर, घाटाखालचं घर

“बापजाद्यांचं धाब्याचं घर पाडलं, कर्ज काढून स्लॅब टाकला आणि आता मे महिन्यात रात्री बारा वाजेपर्यंत घरात पाय ठेववत नाही. असं का?”

बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर या पट्ट्यात घर बांधलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोललं, की हा प्रश्न निघतोच. त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो, थोडा चिडूनच: “मग काय, पुन्हा मातीच्या घरात जायचं?”

पर्यावरणपूरक बांधकाम म्हटलं की पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्या दारावरचं हिरवं प्रमाणपत्र डोळ्यांपुढे येतं. हा विषय तिथला नाही, निदान आधी तिथला नाही. जिथे एसी परवडत नाही, वीज जाते आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे घर चुकलं की त्याची किंमत शरीराला मोजावी लागते.

१. एक जिल्हा, दोन हवा

या जिल्ह्यातला माणूस आपला पत्ता दोनच शब्दांत सांगतो: घाटावर किंवा घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावरचे तालुके. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यातले.

बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच आहे, शेगाव २८० मीटरच्या आसपास. हजार मीटर वर गेलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, हा ढोबळ नियम. दोन्ही गावांच्या उंचीतला फरक ३७० मीटरचा, म्हणजे निव्वळ उंचीमुळेच जवळजवळ अडीच अंशांचा फरक पडतो. त्यात घाटाखालची काळी सपाट जमीन दिवसभर ऊन पिते, आणि वाऱ्याला अडवून वळवणारी झाडी तिथे कमी. म्हणून बुलढाण्यात रात्री पांघरूण शोधावं लागतं, त्याच रात्री राजूर घाट उतरून मोताळ्याकडे गेलेला माणूस पंख्याखाली तळमळतो.

आता घरकुलाचा नकाशा पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. नऊ इंची विटेची भिंत, वर सपाट स्लॅब, दोन-तीन खिडक्या. योजनेने हाच साचा सक्तीचा केलेला नाही. तरी गवंड्याला येतो तो हाच आणि शेजाऱ्याने बांधलाय तोही हाच. त्यामुळे घाटावर आणि घाटाखाली एकच घर उभं राहतं. माझ्या मते या जिल्ह्यातल्या बांधकामाचं मूळ दुखणं हेच आहे. बाकीची दुखणी त्याला येऊन चिकटतात.

२. स्लॅब रात्री का तापतो?

स्लॅब रात्री तापत नाही. तो दिवसा तापतो आणि रात्री आपल्याला कळवतो.

उष्णतेला जाड वस्तूतून आरपार जायला वेळ लागतो. काँक्रीटमधून चार इंच जायला तिला साधारण अडीच तास लागतात. स्लॅब पाच इंची धरला तर तीन-सव्वातीन तास. दुपारी दोनला वरचा पृष्ठभाग सर्वांत तापलेला असेल, तर छताची आतली बाजू पाच-साडेपाचला सर्वांत गरम होते. माणूस शेतातून परततो ती हीच वेळ. त्यानंतर साठवलेली उष्णता स्लॅब रात्रभर थोडीथोडी सोडत राहतो, कारण काँक्रीट जड असतं आणि जड वस्तूत उष्णता भरपूर मावते.

मातीतून उष्णता याहून हळू जाते, चार इंचांना तीन-सव्वातीन तास. जुन्या घराची भिंत दीड फुटाची असली तर दुपारच्या उन्हाला आत यायला चौदा-पंधरा तास लागतात. ती उष्णता पोचते पहाटे, बाहेरची हवा सर्वांत थंड असताना. दार उघडलं की ती निघून जाते. धाब्याच्या घराचं गुपित एवढंच: उष्णता अडवली जात नाही, तिची वेळ चुकवली जाते. पाच इंची स्लॅब मात्र ती नेमकी नको त्या वेळी आणून देतो. टिनाच्या पत्र्याचं उलटं. त्यात उष्णता साठत नाही, त्यामुळे दुपारी घरात बसवत नाही, पण रात्री नऊनंतर पत्रा निवलेला असतो.

आता छपरावर ऊन किती पडतं ते मोजू. मे महिन्यात भरदुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट ऊन पडतं, म्हणजे दर मीटरावर विजेची एक शेगडी पेटलेली. दहा बाय दहाच्या खोलीचं छप्पर सव्वानऊ चौरस मीटरचं, म्हणजे सव्वानऊ शेगड्या. उघडा करडा स्लॅब यातलं सत्तर टक्के ऊन शोषतो: साडेसहा शेगड्या. तोच स्लॅब चुन्याने पांढराशुभ्र केला तर जेमतेम वीस-पंचवीस टक्के शोषतो: दोन शेगड्या. चार-साडेचार शेगड्या विझतात त्या चुन्याच्या एका पोत्याने. याच हिशेबावर तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण आणलं, आणि अहमदाबादने वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली ती त्याच्याही आधी.

खरं तर हे आपल्याकडे कुणाला नवं नाही. दिवाळीला भिंतींना चुना लावणारा माणूस छपराला का लावत नाही, तर छप्पर पाहुण्यांना दिसत नाही म्हणून!

३. रात्रीचा उकाडा आणि शरीर

उन्हाळ्यात माणूस दगावला की आपण म्हणतो, ऊन लागलं. पण उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंतले पुष्कळ मृत्यू उन्हात होतच नाहीत, घरात होतात. आणि दाखल्यावर ‘उष्माघात’ लिहिलेलं नसतं, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार लिहिलेलं असतं. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातले मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तर नेहमीपेक्षा १,३४४ जास्त निघाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला.

झोपलेला माणूसही सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. आजूबाजूच्या भिंती आणि छत कातडीपेक्षा थंड असतील तर ती आपोआप निघून जाते. छत चाळीस अंशांवर असेल तर उलट तेच शरीराला तापवतं. पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. छतालगतची गरम हवा तो खाटेवर आणून सोडतो. मग एकच वाट उरते, घामाची. रात्रभर घाम गाळायला हृदय रात्रभर जास्त पळतं, आणि पाणी रात्रभर कमी होत जातं. दिवसा उन्हात राबलेल्या शरीराला सावरायला रात्र हवी असते, ती मिळतच नाही.

कूलर आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. एक लिटर पाणी उडताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतं. पण ते पाणी आणायचं कुठून? टँकरच्या दिवसांत कूलरला तासाला पाच-सहा लिटर पाणी घालणं म्हणजे पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा. त्यातून पाणी खारं असलं तर जाळीवर क्षाराचा थर बसतो आणि दोन महिन्यांत जाळी दगडासारखी होते.

४. खारं पाणी, भिंतीत आणि पोटात

पूर्णेच्या दोन्ही तीरांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला भाग म्हणजे खारपाणपट्टा. इथला जमिनीतला गाळ खोल आहे आणि त्यातलं पाणी क्षारांनी भरलेलं. संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव तालुक्यांतल्या गावांत किडनीच्या आजाराचे रुग्ण नवे नाहीत. गावोगावचे लोक त्याचं कारण पाण्यात पाहतात. वान धरणाचं गोड पाणी नळाने आणणारी १४० गावांची योजना आली ती याच पार्श्वभूमीवर.

याच्याशी घराचा काय संबंध? एक संबंध उष्णतेतून येतो. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या निकामी होताना आढळल्या. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. संशोधकांचा मोठा संशय आहे तो वारंवार होणाऱ्या उष्णतेच्या ताणावर आणि शरीरातलं पाणी कमी होण्यावर. पूर्णेकाठी तसंच घडतं, असा दावा मी करणार नाही. पण ज्या गावात किडनीवर आधीच खाऱ्या पाण्याचा भार असल्याची शंका आहे, तिथे रात्रभर घाम काढणारं छप्पर टाकणं हा शहाणपणा नव्हे.

दुसरा संबंध सरळ लोखंडाशी आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यात सिमेंट कालवलं, त्याच पाण्याने स्लॅबवर आळी भरली, तर क्लोराइड हा क्षार काँक्रीटमध्ये शिरतो. सिमेंट सळईभोवती गंज रोखणारं एक संरक्षक कवच तयार करतं, क्लोराइड ते फोडतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब देतो आणि स्लॅबचे पोपडे खाली पडू लागतात. काँक्रीटसाठी भारतीय मानक आहे, आयएस ४५६. त्यानुसार सळई असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. सळई नसेल तर २००० पर्यंत चालतं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी बांधकामाआधी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. त्याचा खर्च सिमेंटच्या काही पोत्यांहून जास्त येत नाही. पाणी नापास झालं, तर स्लॅबपुरता गोड पाण्याचा टँकर मागवावा. विटांच्या भिंतीला पायाजवळ लोणा लागतो, प्लास्टर फुगतं, त्यामागेही हेच क्षार आहेत: ओलीबरोबर वर चढतात आणि पाणी उडालं की मागे राहून विटेला खातात.

पन्नास वर्षं टिकायचं घर वीस वर्षांत पाडावं लागलं, तर त्याचं सिमेंट, वाळू, वीट सारं दुप्पट लागलं, असा हिशेब करायला हवा. टिकाऊपणा हाही पर्यावरणाचाच भाग आहे.

५. काळी, पांढरी आणि एका घराच्या विटा

जुन्या गावकऱ्यांनी जमिनीची वाटणी करून ठेवली होती: काळी पिकायची, पांढरी राहायची. गावठाण पांढरीवर असे आणि भिंतींना, गढीला, धाब्यावरच्या थराला तीच पांढरी माती वापरत. काळीवर घर बांधत नसत, त्याला कारण होतं. काळ्या मातीतली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा उथळ पाया वर्षातून एकदा उचलला जातो, एकदा खाली बसतो. भिंतीला तिरप्या चिरा पडतात.

गावं वाढली आणि घरं काळीवर उतरली. आता एकच पथ्य: मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खोल असेल, तर पायाला तळाशी फुगीर खांब देण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बसवून दिलेली आहे. जिगाव प्रकल्पात पूर्णेकाठची अनेक गावं उठून नव्या जागी वसत आहेत. तिथे तर हा प्रश्न प्रत्येक पायाच्या खड्ड्यात उभा आहे.

आता विटांचा हिशेब. २५ चौरस मीटरच्या घराच्या भिंती, आतली एक धरून, साधारण २५ मीटर लांब आणि ३ मीटर उंच: ७५ चौरस मीटर. दारं-खिडक्या वजा करून ६५. नऊ इंची भिंतीचं घनफळ झालं १५ घनमीटर, आणि घनमीटरला पाचशे विटा धरल्या तर साडेसात हजार विटा. एक वीट तीन किलोची, म्हणजे साडेबावीस टन माती. ही माती एक फूट खोल खणून काढली, तर पन्नास-पंचावन्न चौरस मीटर शेत उकरलं जातं. २५ चौरस मीटरच्या घरासाठी त्याच्या दुप्पट शेताचा सुपीक थर भट्टीत गेला. शिवाय भट्टीचा धूर आहेच, आणि तो सर्वांत आधी भट्टीवरच राहणाऱ्या मजुरांच्या मुलांच्या छातीत जातो.

माती-मुरूम कुठून घ्यायचा याचं एक चांगलं उदाहरण याच जिल्ह्याने घालून दिलंय. राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी शेतं आणि टेकड्या फोडण्याऐवजी गाळाने भरलेले तलाव, नाले आणि नदीपात्रं खोल केली आणि निघालेला माती-मुरूम रस्त्याला वापरला. रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाणीसाठा. ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ही पद्धत पुढे देशभर सांगितली गेली. घरबांधणीत ती जवळजवळ आलीच नाही, याचं नवल वाटतं. तलावातला मुरूम पायाच्या भरावाला चालतो, पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांनाही चालतो. निव्वळ काळी माती मात्र त्या ठोकळ्यांना चालत नाही, तिथेही ती फुगतेच.

६. चंद्रपूरचं सिमेंट, पारसची राख

शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू कोळशाचा नव्हे, खुद्द दगडातला. भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो निघणारच. कोळशाचा वायू वेगळा. म्हणून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. विदर्भातलं बरंच सिमेंट चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर, आवारपूर या भागात तयार होतं; सिमेंटमध्ये भाजलेल्या चुनखडीचा वाटा जितका कमी, तितका हा वायू कमी.

इथे घाटाखालच्या लोकांना एक शेजारी कामाला येतो. शेगावहून अकोल्याकडे रेल्वेने निघालं की पारस लागतं. तिथलं महानिर्मितीचं वीजकेंद्र अडीचशे मेगावॅटच्या दोन संचांवर चालतं आणि कोळसा जाळून राखेचे ढीग तयार करतं. ही राख तळ्यात पडून राहिली तर वाऱ्याने उडते आणि शेतात, फुप्फुसात जाते. सिमेंटमध्ये मिसळली, तर चुन्याशी संयोग पावून स्वतःच सिमेंटसारखी घट्ट होते. पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. राखेच्या विटा भाजाव्या लागत नाहीत, पाणी मारून मुरवल्या की झाल्या. शेताची मातीही वाचते. मात्र राखेची वीट भिंत थंड ठेवते, ही विक्रेत्याची गोष्ट सोडून द्यावी. उन्हाच्या बाबतीत ती साध्या विटेच्याच वर्गातली.

७. चूल, रंग, पत्रा

तीन गोष्टी थोडक्यात. चुलीचा धूर हा घरातला सर्वांत मोठा प्रदूषक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात ३२ लाख माणसं गेली. गॅस आला तरी पाणी तापवायला चूल पेटतेच, तेव्हा तिच्यावर धुराडं हवं आणि समोरासमोर दोन झरोके. कोरड्या उष्ण हवेत खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या निदान एक दशांश असावं, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते.

रंगातलं शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ते दशलक्षात ९० भागांवर चालत नाही. दारं-खिडक्यांवरचा त्याआधीचा जुना तैलरंग कोरडा घासून काढू नये.

आणि सिमेंटचे पत्रे. त्यातले बरेच अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही. तो कापला, भोक पाडलं, फोडला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि कॅन्सर वीस-तीस वर्षांनी येतो. जुना पत्रा फोडून अंगणात भराव म्हणून टाकू नये.

८. मग पुन्हा मातीचं घर?

नाही. निदान जसंच्या तसं नाही. धाब्याच्या घराचं कौतुक करणाऱ्याने दर वर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर माती चढवून पाहावी, आणि सारवण कोण करतं हेही पाहावं. २२ जुलै २०२३ ला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, पुराचं पाणी गावांत शिरलं. पाण्यात उभी राहिलेली मातीची भिंत खालून विरघळते आणि रात्री अंगावर येते. पक्कं घर मागणारा माणूस अडाणी नाही. त्याला साप, वाळवी आणि पूर माहीत आहेत.

पण जुन्याचं तत्त्व नव्या सामानात आणता येतं. वर्ध्याचं ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ १९७० च्या दशकापासून हेच करतंय: कुंभाराच्या चाकावरची शंकूच्या आकाराची कौलं एकात एक गुंफून सळईशिवाय कमानीचं छप्पर. घाटाखाली सर्वांत आधी छप्पर पांढरं करावं. पैसे असतील तर स्लॅबवर पांढऱ्या फुटक्या फरशांचा थर द्यावा. पश्चिमेच्या भिंतीला पडवी किंवा मांडव घालावा, कारण दुपारचं तिरपं ऊन छपरापेक्षा त्या भिंतीला गाठतं. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी भिंत बांधली, तर सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. तिला गवंडी ‘रॅट ट्रॅप बॉण्ड’ म्हणून ओळखतात, पण ती मन लावून बांधणारा गवंडी शोधावा लागतो. घाटावर एवढा खटाटोप नको. तिथे थंडीही असते. दक्षिणेची खिडकी मोठी ठेवून हिवाळ्याचं ऊन आत घेतलं तर बरं.

९. छपरावरचं पाणी

खारपाणपट्ट्यात छपराचा आणखी एक उपयोग आहे. पाऊस गोड असतो. २५ चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेसतरा हजार लिटर पाणी पडतं. उडालेलं, वाहून गेलेलं वीस टक्के सोडा, १४ हजार लिटर हाती येतं. पाच माणसांना पिण्यापुरतं रोज २५ लिटर लागतं. ऑक्टोबर ते मे असे कोरडे आठ महिने धरले, तर लागतात सहा हजार लिटर. म्हणजे घरकुलाच्या छपराखाली झाकणबंद सहा हजार लिटरची टाकी असेल, तर पिण्याचं पाणी बोअरवर अवलंबून राहत नाही.

अट एवढीच, की छप्पर स्वच्छ हवं आणि त्यावर अ‍ॅस्बेस्टॉस किंवा शिशाचा रंग नको. होळीनंतर लावलेला चुना मृगाच्या सरींत थोडा धुपून येतो, त्यात पाखरांची घाण आणि वर्षभराची धूळ असते. ते पहिले दोन-तीन पाऊस नळी वळवून परसातल्या झाडांना सोडावेत. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, डास अंडी घालणार नाहीत एवढी बारीक. आणि पाणी उकळून किंवा क्लोरिनचे थेंब टाकूनच प्यावं.